भैरोबाच्या गालातले तोडे

"बाईमाणसानं देवाच्या मुखवट्याला हात लावायचा न्हाय," म्हादू गुरव म्हणाला आणि मुखवटा पोटाशी धरून दोन पावलं मागं सरला.

"मग तू काढ टंच," आण्णा म्हणाले. "येतोय का तुला? येत नसंल तर घोंगडीवर ठेव आन् बाजूला हो."

भर दुपार होती. चैत्रातली यात्रा, आणि माळखडीच्या भैरोबाच्या सभामंडपात शे-दीडशे माणूस दाटीवाटीनं बसलेलं. मी घोंगडीसमोर मांडी घालून बसले होते. पुढ्यात कसोटीचा काळा दगड, कानस, तेजाबाची बाटली आणि मिठाच्या पाण्याची छोटी बाटली. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. डोक्यावरचा पदर जरा सरकला की मागून कुणीतरी खाकरायचं. सकाळी सातला आण्णा आणि मी, आम्ही बापलेक, एसटीतून उतरलो होतो आणि तोवर गावातल्या एकाही घरानं आम्हाला पाण्याचा तांब्या दिला नव्हता.

गुरवानं शेवटी मुखवटा घोंगडीवर आदळल्यासारखा ठेवला. भैरोबाच्या मिशा, गंध, मोठे डोळे सगळं चांदीचं, पण नाकाचा शेंडा आणि एक गाल तांबूस पडलेला. "बगा, नीट बगा," दिनकरतात्या उभे राहून म्हणाले. "पन्नास वर्सं आमी ह्याच्या म्होरं लोटांगण घातलं. आता देवच लाजून लाल झालाय."

लोक हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दिनकरतात्या म्हणजे आण्णांचे सख्खे चुलतभाऊ. ते गावात राहिले आणि आम्ही सेलमला. सेलममध्ये आमचं गलाईचं दुकान होतं. सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करायची, आणि कुणी डाग, म्हणजे दागिना, घेऊन आला तर त्यात चोख किती, खोट किती ते काढून सांगायचं. या चोखपणाच्या आकड्यालाच आम्ही टंच म्हणतो. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी घरं याच धंद्यावर देशभर पांगलेली आहेत. तेजाबाच्या वाफेनं आण्णांचे डोळे अधू झाले तेव्हा दगडावर मी बसायला लागले. माझा भाऊ लहान होता आणि मला दुसरं काही शिकायची हौस नव्हती.

आण्णांचे देव दोन. एक भैरोबा आणि दुसरा खानापूर तालुका. दुकानात कुणीही आलं, अगदी पोस्टमन आला, तरी त्याला ते तालुक्याचं नाव ऐकवायचे. "गिऱ्हाईक दागिना आपल्या हातात देऊन पाठ फिरवून जातं ना, शालन, ते माझ्या तोंडाकडं बघून जात नाही. तालुक्याकडं बघून जातं. आमच्या तालुक्याचा माणूस टंच खोटा सांगत नाही." हे मी जेवताना, झोपताना, आजारपणात ऐकलेलं आहे. मी त्या तालुक्यात तोवर चार वेळा आले होते आणि चारही वेळा मला बाभळी, दगड आणि बढाया यापलीकडं काही दिसलं नव्हतं. नातेवाईक आम्हाला तोंडावर 'या, या' म्हणायचे आणि पाठीमागं 'मद्रासी'.

तात्यांचं पत्र महिन्यापूर्वी आलं होतं. 'मुखवट्याचे नाक लाल पडले आहे. गाव विचारते आहे. यात्रेस येऊन खुलासा करणे. न आल्यास शिळेवरील नाव काढणे भाग पडेल.'

ते नाव माझ्या आजोबांचं होतं. येसू निकम. पंधराव्या वर्षी ते दुष्काळात गाव सोडून गेले आणि सेलममध्ये दुसऱ्याच्या भट्टीवर राहिले. पुढं गावानं ठरवलं की भैरोबाला चांदीचा मुखवटा करायचा. घरटी बायकांनी अंगावरची चांदी काढून दिली. ते गाठोडं घेऊन आजोबा सेलमला गेले आणि चार महिन्यांनी मुखवटा घेऊन आले. देवळाच्या उंबऱ्याशेजारच्या शिळेवर त्यांचं नाव कोरलं गेलं. आण्णा दर यात्रेला त्या शिळेवरून हात फिरवायचे आणि मी बरोबर असले की मलाही फिरवायला लावायचे.

पत्र आल्यावर आण्णांनी पिशवी भरली. दगड, बाटल्या, कानस, आणि तळाशी लाल कापडाची एक गाठोडी. ती कसली म्हणून विचारलं तर म्हणाले, "लागली तर काढीन."

"चालू कर," आता ते मला म्हणाले.

मी मुखवट्याच्या कानामागं कानस चालवली. वरचा थर निघून आतला धातू दिसेपर्यंत चालवली, नाहीतर टंच मुलाम्याचा निघाला असता. मग ती जागा दगडावर घासली. पांढुरकी, पिवळसर रेघ उठली. रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. तो हिरवा होऊन उकळायला लागला. त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला. चांदी असती तर तिथं नासक्या दुधासारखा पांढरा साका आला असता. थेंब नुसता हिरवा राहिला.

"काय दिसतंय?" आण्णांनी विचारलं.

"परत बघते."

मी हनुवटीच्या आतून घासलं. तेच. तिसऱ्यांदा कपाळाच्या मागून घासलं. तेच. मी साठ टंच म्हटलं असतं तर त्या दीडशे माणसांत एकालाही काही कळलं नसतं. आण्णांना तो थेंब दिसत नव्हता. शब्द माझ्या जिभेवर आला होता, खोटं कशाला सांगू!

"मोठ्यानं सांग," आण्णा म्हणाले. "दिसतं तेच सांग."

"गिलट आहे, तांब्या-जस्ताची नकली चांदी," मी म्हटलं. "खरी चांदी नुसती वरून आहे."

जो गलका उठला त्यात देवळावरचे पारवे उडाले. "ऐकलं का? सख्ख्या नातीनं सांगितलं!" तात्या ओरडले. "आमच्या आया-आज्ज्यांची चांदी ह्येंच्या आज्ज्यानं खाल्ली आन् देवाच्या तोंडाला गिलट फासलं. आमी हितं हुलगं खाऊन दुष्काळ काढायचा आन् दगडावर नाव मातुर ह्येंचं! दर जत्रंला ह्ये अंगठ्या घालून येनार आन् पयली आरती ह्येंची!"

"चोराची अवलाद," मागून कुणीतरी म्हणालं. एकजण थुंकला. माझ्या पायाशी थुंकला नसेल, पण फार लांबही नाही.

मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की तेजाबाची बाटली उघडी होती ती मी आधी बंद केली. आणि त्याहून जास्त राग आला तो न पाहिलेल्या आजोबांचा. मी आण्णांकडं पाहिलं. ते शांतपणे पिशवीवर वाकले होते. त्यांचा हात आत गेला आणि लाल गाठोडीच्या गाठीवर थांबला. मला ती दिसत होती.

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली गजराआजी बोलली. ती तात्यांची आई. माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. सत्तरी ओलांडलेली, हाडांचा नुसता सापळा, पण आवाज खणखणीत.

"माजं तोडं हाईत त्यात," ती म्हणाली. "दोनी पायातलं. बावीस वर्सांची हुते मी. थोरलं दीर गाठुडं घिऊन दारात आलं आन् मी वसरीवर बसून पायातलं काढून दिलं. रोज सकाळी देवाच्या ह्या गालाकडं बगत्ये आन् म्हनत्ये, ह्यो माजा तोडा. त्यो पलीकडचा गाल, त्यो दुसरा." तिनं पदर तोंडाला लावला. "कुणीकडं गेलं माजं तोडं, हणमंता?"

हणमंता म्हणजे आण्णा. त्यांनी पिशवीतून हात काढला. रिकामा.

"खोट आमची हाय, काकी," ते म्हणाले. "माझ्या बापाची. नाव काढा दगडावरचं. मी आड येत नाही."

 लोकांना भांडण हवं होतं आणि ते मिळालं नव्हतं. मग तात्यांनी कुणालातरी छिन्नी-हातोडा आणायला पिटाळलं. मी दगड, कानस, बाटल्या पिशवीत भरल्या. देवळाच्या पायऱ्या उतरताना शिळेशेजारून गेलो, पण आण्णांनी तिच्यावरून हात फिरवला नाही.

एसटीचा थांबा गावापासून मैलभर, डांबरी सडकेला एका लिंबाखाली.  ऊन असं की चपलेचा तळवा पोळत होता. वाटेत एका वस्तीवर मी पाणी मागितलं तर बाईनं दार लावून घेतलं. बातमी आमच्या आधी पोचली होती.

लिंबाखाली बसल्याबसल्या माझा तोल गेला. "हाच ना तुमचा तालुका? याच्याच नावानं बावीस वर्षं कान किटवलेत ना माझे? आज्ज्यानं बायकांच्या पायातलं चोरलं आणि तुम्ही दुकानावर तालुक्याचं नाव लावून बसलात! मला का बसवलंत तिथं दगडावर? माझ्या तोंडून का वदवलंत?"

आण्णांनी लाल गाठोडी काढून माझ्यापुढं ठेवली. "सोड."

आत कागदाच्या पुड्या होत्या. पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटायला आलेल्या, तीस-एकतीस तरी असतील. प्रत्येकीवर बारीक अक्षरात बाईचं नाव. पुडी म्हणजे काय हे मला सांगायला नको होतं. डाग गाळायच्या आधी त्याचा एक कण कापून गिऱ्हाइकाच्या नावानं पुडीत ठेवायचा, ही आमच्या धंद्यातली रीत आहे. उद्या कुणी भांडायला आलं तर त्याच्याच डागाचा कण त्याच्यासमोर दगडावर घासायचा.

मी पुड्या चाळल्या. 'सौ. गजरा' अशी एक सापडली. आत तांदळाएवढा कण. मी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणारी नव्हतेच. तिथंच मांडीवर दगड घेतला, कण घासला, तेजाबाचा थेंब टाकला. हिरवा. मिठाचं पाणी टाकलं. हिरवाच.

दुसरी पुडी सोडली. गिलट. तिसरी, गिलट. चौथीत रुप्याचा अंश निघाला, नावापुरता. पाचवी पुन्हा गिलट.

"सगळ्या तशाच हाईत," आण्णा म्हणाले. "तीन-चार सोडून. त्या दुष्काळानंतर ह्या गावात चांदी कुठली, शालन? बापानं लग्नात चांदी म्हणून घातलं, सासरनं चांदी म्हणून मिरवलं. कुणाला खरंच ठाऊक नव्हतं. कुणाला ठाऊक हुतं, पर बोलायचं कसं? तुझ्या आज्ज्यानं सेलममध्ये गाठोडं सोडलं, एकेक कण घासला, आन् रात्रभर भट्टीपाशी बसून राहिला. गाळून शुद्ध केलं असतं तर चिमूटभर चांदी हाती आली असती. गावाला सांगावं लागलं असतं की तुमच्या बायकांनी देवाला गिलट दिलं. म्हणून त्यानं शुद्ध न करता तसंच ओतलं. वरनं स्वतःच्या कमाईची चांदी चढवली. पन्नास वर्सं गुरव लिंबू-राखेनं घासतोय, किती टिकणार ती?"

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"मरताना सांगितलं त्यानं. म्हणाला, अगदीच गळ्याशी आलं तर गाठोडी सोड."

"आणि आज काय गळ्याशी यायचं बाकी होतं? एक पुडी उघडली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती! का नाही उघडलीत?"

"समोर म्हातारी हुती."

"आमच्या तालुक्याचा माणूस खोटं सांगत नाही ना? मग आज काय सांगितलंत?"

आण्णा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. त्या काचा कितीही पुसल्या तरी त्यांना त्यातून काही दिसत नसे.

मी गजराआजीची पुडी, दगड आणि दोन्ही बाटल्या पदरात बांधल्या आणि उठले. "कुठं निघालीस?" त्यांनी विचारलं.  तो मैलभर रस्ता मी कसा चालले ते मला आठवत नाही. काय बोलायचं ते मात्र शब्दनशब्द ठरवलं होतं. म्हातारीच्या पुढ्यात तिचाच कण घासायचा आणि तात्यांना वाकून बघायला लावायचं. मला आवाज न चढवता बोलायचं होतं. मला त्यांची तोंडं बघायची होती.

मंडळी जेवायला पांगली होती. उंबऱ्याशी तात्या एकटेच छिन्नी चालवत होते. 'येसू' गेलं होतं, 'निकम'ला हात लागला होता. निकम तर त्यांचंही आडनाव, पण रागाच्या भरात ते त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

"आता काय राह्यलं?" ते म्हणाले. "द्येव न्यायला आलीस का?"

मी त्यांना ओलांडून आत गेले. गजराआजी खांबापाशी तशीच बसली होती. पाय पसरलेले, घोटे उघडे. मला बघून ती म्हणाली, "आलीस का गं चोराच्या नाती? ये. बस हितं."

मी बसले. गाठ सोडायला पदर पुढं घेतला.

"तुला टंच कळतो न्हवं?" ती म्हणाली. "मग मला एक खरं सांग. द्येवाच्या दारात बसलीयास." तिनं माझं मनगट धरलं. त्या हाताला एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. "माजा बाप गुराखी हुता. त्येनं लग्नात तोडं घातलं तवा सासू म्हनली, हलकं लागत्यात, गिलट असनार. सारी वर्सं त्येच. सून गिलटाची, बाप लबाड. पानी आणाय गेलं तरी त्येच, बाळंतपणात बी त्येच. मी द्येवाला दिलं तवा तिचं त्वांड बंद झालं. द्येवानं घितलं मंजी चांदीच, न्हाय का? त्या दिसापासनं पायात काय घातलं न्हाय मी." ती थांबली. बाहेर छिन्नीचा आवाजही थांबला होता. "आज तू गिलट म्हनलीस. आता मला सांग. माज्या बापानं फसवलं का तुज्या आज्ज्यानं?"

गाठ माझ्या बोटांत होती. आत पुडी होती, नाव होतं, तांदळाएवढा कण होता. दारात तात्या हातोडा धरून उभे होते, त्यांचं तोंडही मला दिसत होतं. मी ठरवलेला प्रत्येक शब्द मला आठवत होता.

"माझ्या आज्ज्यानं," मी म्हटलं.

"कशावरनं?"

"आमच्याकडं लिहून ठेवलेलं असतं. सगळ्यांच्या चांदीत थोडीफार खोट होती. तुमच्या तोड्यात नव्हती. तशी चांदी सेलममध्येसुद्धा बघायला मिळत नाही. म्हणून त्याला मोह झाला."

तिनं माझं मनगट सोडलं. आधी माझ्या आजोबांना एक अशी शिवी दिली की ती इथं लिहिता येणार नाही. मग दाराकडं मान वळवली. "दिनकर! ऐकलंस का? तुज्या आज्ज्याची, माज्या बापाची, चांदी सगळ्या गावात चोख हुती!" आणि पुन्हा मला, त्याच खणखणीत आवाजात, "ऊठ आता. तोंड बगायचं न्हाय मला तुजं."

मी उठले. तात्यांनी वाट सोडली. मी पायऱ्या उतरेपर्यंत छिन्नी पुन्हा सुरू झाली होती.

लिंबाखाली आण्णांनी माझी पावलं ओळखली. पुड्या पुन्हा बांधून गाठोडी मांडीवर घेऊन ते बसले होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"टंच?"

"हो."

"किती?"

मी पदराची गाठ सोडून पुडी त्यांच्या हातात दिली. तिची घडी तशीच होती, घामानं जरा ओली झालेली. त्यांनी बोटांनी ती चाचपली.

"शंभर," मी म्हटलं.

 आण्णांचे खांदे हलायला लागले. हसत होते की काय ते मला चष्म्यामुळं कळेना.

"अगं, शंभर टंच चांदी जगात नसते," ते म्हणाले. "नव्याण्णवच्या पुढं थोडंफार, बस. एवढी वर्सं शिकवलं तुला."

"गजराआजीच्या बापाची होती," मी म्हटलं.

सडकेवर लांब एसटीची धूळ दिसायला लागली होती. आण्णांनी पुडी गाठोडीत सारली आणि वर दोन गाठी मारल्या.